चुकीच्या माणसाची सही

कारकुनांनी त्याचं नाव 'भिंग' पाडलं होतं, आणि वरवर चिडला तरी मनातून त्याला ते आवडायचं. बावीस वर्षं सरकारी वकिली, तीही आर्थिक गुन्ह्यांची. खोटी खाती, बनावट कर्जं, फक्त कागदावर असलेल्या कंपन्या. कुठे पाणी मुरतंय ते त्याला पहिल्याच वाचनात कळायचं. आणि अशा माणसाला डावलून पतसंस्थेच्या घोटाळ्याचा खटला दिला कुणाला? तर चार वर्षांपूर्वी त्याच्याच हाताखाली शिकलेल्या पोरीला!

अहो, अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती त्याच्याच खोलीत, समोरच्या टेबलावर बसायची. साहेब दारातून डोकावून "कसं चाललंय?" विचारायचे, तेही तिलाच. तिचा फोन वाजला तरी याच्या पोटात दुखायचं. घरी बायको म्हणाली, "एवढी जळजळ होतेय तर औषध घ्या, नाहीतर सरळ तिचं अभिनंदन करून मोकळे व्हा." त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नाही.

सोमवारी ती फाईल घेऊन आली. "सर, एकदा नजर टाका ना. शुक्रवारी पुरावे मांडायचेत. तुम्ही बघितलंत की मला घोर नाही."

अर्ध्या तासात त्याला सापडलं. सगळा खटला संस्थेच्या संगणकातून काढलेल्या खातेउताऱ्यांवर उभा होता. असे उतारे कोर्टात चालायचे तर सोबत ते खरे असल्याचा दाखला लागतो, आणि त्यावर सही हवी संगणक ज्याच्या ताब्यात होते त्याची. इथे सही ठोकली होती नव्या व्यवस्थापकाने. हे महाशय रुजू झाले ते घोटाळ्यानंतर दोन वर्षांनी, जुने संगणक भंगारात गेल्यावर! पोरीने तारखा ताडूनच पाहिल्या नव्हत्या. खरी सही हवी होती संगणक विभागाच्या जुन्या प्रमुखाची, दुसऱ्या कुणाचीही चालणार नव्हती. तो आजारी होता, दवाखान्यात होता, पण शुद्धीवर होता. फाईलीतच तशी नोंद होती. दवाखाना कोर्टापासून पायी दहा मिनिटांवर.

"कसं वाटतंय, सर?"

"ठीक आहे," तो म्हणाला.

बिघडलं कुठे? शुक्रवारी न्यायाधीश तिला झापतील, फाईल आपल्याकडे येईल, आपण जाऊन सही आणू. खटल्याला धक्का नाही, फक्त हिचं नाक तेवढं खाली होईल. चार दिवस स्वारी भलतीच खुशीत होती. तिच्यासाठी स्वतःहून चहासुद्धा मागवला.

शुक्रवारी आरोपीचा, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षाचा, वकील उठला आणि त्याने नेमकं त्याच सहीवर बोट ठेवलं. न्यायाधीशांनी उतारे बाजूला सारले. योग्य दाखल्यासाठी आठवड्याची मुदत दिली. मागच्या बाकांवरचे ठेवीदार एकमेकांना विचारत होते, "काय झालं? काय झालं?" ती ताठ उभी राहून म्हणाली, "चूक माझी आहे." त्याचं नाव तिने घेतलं नाही.

दुपारी साहेबांनी फाईल त्याच्या टेबलावर ठेवली. तो जवळजवळ पळतच दवाखान्यात गेला. नर्सने नोंदवही पाहिली. "ते? ते बुधवारी वारले."

तो परतला तेव्हा ती आपले कागद आवरत होती. त्याने सांगितलं तशी तिने हातातले कागद टेबलावर ठेवले.

"म्हणजे उतारे गेले. म्हणजे संस्थेचा अध्यक्ष मोकळा होणार."

स्वतःचीच एवढी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती. तिने डोळे पुसले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

"सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही एवढं बारकाईने वाचलंत, तरी तुम्हाला दिसलं नाही. मग मला कुठून दिसणार?"

'दिसलं होतं.' शब्द अगदी ओठांवर आले.

"हो," तो म्हणाला. "नाही दिसलं."