धावड्याच्या धामणी

"साप काय सगळीकडंच नसतोय, भाऊ," असं तो पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणायचा. आत धामण वळवळत असायची आणि हा जणू मेथी निवडत बसलाय.

आमच्या एमआयडीसीतल्या बियाण्याच्या गोदामात तो हमाल होता. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, साप निघाला की पळणाऱ्यांच्या उलट दिशेने चालणारा. हा वर भाषणही द्यायचा. "इथं बियाणं, म्हणून उंदीर. उंदीर, म्हणून धामणी. शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यात एक दाखवा! सळया खाईल का ती?" यात ज्ञान किती आणि थापा किती, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

साप सोडायला नेईपर्यंत पोतं घरात ठेवायची त्याला वाईट खोड. एकदा ते सुटलं. धामण कपाटामागे गेली आणि बायको धावड्याला, माहेरी.

मग हा गोदामातली प्रत्येक धामण मोटरसायकलवरून नेऊन सासऱ्याच्या रानात सोडू लागला. "तिकडं लई कमी हायेत, भाऊ." चार दिवसांत सासऱ्याचा फोन यायचा आणि जावई ऐटीत साप धरून न्यायला हजर. बायको चहाचा कप पुढे करायची, बोलायची मात्र नाही. एकच धामण दोन्ही गावची पाहुणी झाली होती, असा माझा दाट संशय आहे.

शेवटी सासऱ्याने त्याला पोतं सोडतानाच पकडलं. "जावईबापू, पुन्यांदा रानात दिसला तर तंगडं मोडून ठेवीन!"

गड्याचं तोंडच उतरलं. साप धरायचा, पण भाषण बंद. मला खरंच वाईट वाटायचं.

एका दुपारी बायकोचा फोन आला. त्याने नेहमीप्रमाणे स्पीकरवर घेतला.

"अहो, रानात साप निघालाय. जल्दी या."

"कसला हाय?"

"मला काय म्हाइत! मोठा हाय. राहायच्या बेतानं या."

त्याने लगेच गाडीला किक मारली. मी ओरडलो, "अरे, पोतं राहिलं!"

"न्हाई लागत, भाऊ. त्या रानात आता एकबी न्हाई. समदे मीच तर धरून आणल्ते."

आता तो तिकडेच राहतो, सासऱ्याची शेती बघतो. सासरा कुरकुरतो, पण लेकीपुढे त्याचं काही चालत नाही. पोतं अजून गोदामात खुंटीला आहे. धामण निघाली की आम्ही सगळे खुर्च्यांवर चढतो आणि ती खालून निवांत निघून जाते. त्याची फार आठवण येते, विशेषतः खुर्चीवर उभं असताना.