खिडकीतला मागचा स्पीकर

यंदा उन्हं तापायला लागली तसे आमच्या सावंगीच्या घरात एका खिडकीवरून दोन पक्ष पडले. बायकोला तिथे कूलर हवा होता. मला तिथे डाव्या बाजूचा मागचा स्पीकर हवा होता. म्हणजे तो हिवाळ्यापासून तिथे ठाण मांडून होताच. वर्ध्याच्या उन्हाळ्यात कूलरची खिडकी अडवणारा माणूस शहाणा नसतो, हे मलाही कळत होतं. पण डिस्क आणून सिनेमे पाहणाऱ्या माणसाला नुसतं कळून काही होत नाही.

कूलर बसवायला बायकोचा धाकटा भाऊ रोहण्याहून आला. चहा पिता पिता मी त्याला शिकवलं, की एकाच डिस्कवर सिनेमाचा आवाज तीन तऱ्हांनी भरलेला असतो : साधा स्टिरिओ, दाबून बसवलेला सराउंड आणि अजिबात न दाबलेला सराउंड. त्याच्या शेतात कापूस, म्हणून उदाहरणही कापसाचं दिलं. दाबलेला म्हणजे गाठीतला, न दाबलेला म्हणजे नुकता वेचलेला.

"पण भाऊजी, गाठ सोडली तं कापूस तोच राह्यते ना?"

मी म्हणालो की ज्याला कान आहे त्याला फरक कळतो. बायकोने तेवढंच धरलं. माझे डोळे बांधायचे, तिने रिमोटवरून आवाज लावायचा, मी ओळखायचा. ओळखला तर उन्हाळाभर खिडकी माझी.

मी माझा हुकमी प्रसंग निवडला : पत्र्यावरचा पाऊस. आधी मागून, डावीकडून चार थेंब, मग सर, मग संवाद. साळ्याच्याच गळ्यातला दुपट्टा डोळ्यांना बांधून सोफ्याच्या मधोमध बसलो. तो कूलर धुवायला अंगणात गेला.

मग डाव्या खांद्यामागे टप, टप. पाठोपाठ सर. इतकी मोकळी, की अंगावर शहारा आला. मी हात वर केला आणि न दाबलेला सराउंड असल्याचं जाहीर केलं. बायकोने विचारलं, नक्की? मी म्हणालो, थेंब न् थेंब वेगळा ऐकू येतोय, दाबलेल्या आवाजाची ही टाप नाही. आणखीही बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अहो, मी तं अजून चालूच नाई केलं."

दुपट्टा सोडला. पडदा काळा. मागे खिडकीबाहेर साळा कूलरचा पंप तपासत होता आणि त्याच्या गवती ताट्यांवरून पाणी टपटपत होतं. त्याने गजांतून डोकावून विचारलं,

"पाणी बराबर पडून राह्यलं ना, भाऊजी?"

संध्याकाळपर्यंत स्पीकर कपाटावर गेला आणि खिडकीत कूलर बसला. त्याच्या घरघरीत आता तिन्ही आवाज सारखेच वाटतात. पाहुणे आले की पावसाचा तो प्रसंग मात्र मी आवर्जून लावतो. सर बरोबर डावीकडून, मागून येते, वर गार वाराही सुटतो. परवा एकाने भारावून विचारलं, हा कोणता आवाज?

बायकोकडे न बघता मी म्हणालो, न दाबलेला.