वऱ्हाडातला अर्धा र

वऱ्हाड हा शब्द हाताने लिहायला काही लागत नाही. व आणि ह यांच्या मधे, वरच्या रेघेखाली एक छोटी वळलेली रेघ दिली की झालं. पण नव्वदच्या दशकात सुरतेत हाच शब्द संगणकावरून छापून देणारी आमच्या भागात मी एकटीच होते, आणि मला त्याचा भलताच तोरा होता.

पर्वत पाटियाजवळ आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. नवरा महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक. मी पुढच्या खोलीत संगणक मांडून अक्षरजुळणीची कामं घ्यायची, त्यात बहुतेक लग्नपत्रिका. गिऱ्हाईक म्हणजे लूमवर काम करणारी खानदेशी कुटुंबं. पोरांचं सगळं सुरतेत, पण सोयरे धुळ्या-जळगावकडचे, त्यामुळे पत्रिका मराठीतच लागायची.

आमची पद्धत अशी होती की मी पान लावायचं, फ्लॉपीत घालून कतारगामच्या फिल्मवाल्या भाईकडे न्यायचं, त्याने त्यावरून छपाईची फिल्म काढायची आणि ती प्रेसला जायची. आम्हा सगळ्यांकडे एकच प्रोग्राम होता, म्हणून तर एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडायची. प्रोग्राम परदेशी. त्यात आपली अक्षरं उमटायला वरून एक जोड चढवावी लागे. गुजरातीच्या जोडी पाहिजे तितक्या मिळत. हिंदीची होती, पण हिंदीला हा अर्धा र लागतच नाही. त्यात वऱ्हाड लिहायला गेलं की र उडी मारून ह च्या डोक्यावर जाऊन बसायचा. हा र जागेवर ठेवणारी जोड ओळखीतल्या एका इंजिनियर मुलाने केली होती. ती माझ्याकडे होती, भाईकडे होती, आणि तो मुलगा नोकरीसाठी परदेशी निघून गेला होता.

अशात आमच्या मागच्या गल्लीतल्या मावशींच्या मुलीचं लग्न ठरलं. मावशी घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. वरपक्ष महामानी. साखरपुड्यात विडा आधी कुणाला दिला यावरून त्यांचे थोरले काका जेवायचे थांबले होते, आणि तेव्हापासून मावशींना झोप नव्हती. पत्रिकेत काही कमीजास्त नको, एवढंच त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मी प्रत्येक नाव त्यांना वाचून दाखवलं. माझ्या पडद्यावर सगळं चोख होतं.

छापून आलेल्या पत्रिका मावशींनी दाखवायला आणल्या, तेव्हा नवरा चहा पीत होता. त्याने एक उचलली, वाचली आणि ठसका लागेपर्यंत हसला. मग मावशींचा चेहरा पाहून त्याने ती माझ्या हातात दिली. मी लिहिलं होतं, सहकुटुंब, सहपरिवार वऱ्हाडासह अगत्य येण्याचे करावे. छापलं होतं, सहकुटुंब, सहपरिवार व हाडासह अगत्य येण्याचे करावे.

लग्नाच्या पत्रिकेत हाड.

मी तशीच कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन भाईला फोन लावला. त्याने त्याच आठवड्यात प्रोग्रामचं नवं वर्जन घातलं होतं. नव्यात बाहेरच्या जुन्या जोडी चालत नव्हत्या. साधी अक्षरं त्याच्याकडच्या दुसऱ्या फॉण्टवर निभली, पण आमच्या अर्ध्या र ला तिथे घरच नव्हतं, तो गळून पडला आणि जागा मोकळी राहिली. भाईला बिचाऱ्याला व आणि हाड दोन्ही शब्द बरोबरच दिसले. मी ताडताड बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "बेन, आखी लाइन नवा वर्जन पर गई. जूनुं हवे कोई नथी राखतुं." सगळा धंदाच नव्यावर गेला होता, जुनं कुणी ठेवतच नव्हतं. राग त्याच्यावर धरावा तर तो माणूस चांगला, आणि ज्यांनी ते वर्जन काढलं त्यांना सुरत कुठे आहे हेही ठाऊक नसणार.

परत छापायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी मावशींचे दीर पत्रिका घेऊन गावाकडे निघणार होते. रुसायला टपलेल्या त्या काकांच्या हातात ही पत्रिका पडली असती तर सोयरीक मोडायलाही मागेपुढे पाहिलं नसतं, असं मावशींना वाटत होतं, आणि मलाही वाटत होतं. मग मी लाल शाईचं पेन काढलं. काळ्या शाईने लग्नपत्रिकेवर लिहायचं नाही, एवढं भान होतं. मावशी, त्यांची मुलगी आणि मी, तिघी जमिनीवर बसलो आणि प्रत्येक पत्रिकेत त्या मोकळ्या जागेत हाताने अर्धा र काढत गेलो. मुलगी गुजराती शाळेत शिकलेली. हे अक्षर तिने जन्मात लिहिलं नव्हतं. पहिले काही र तिने असे लोंबते काढले की मला हसू आलं. टिकल्या लावून सरावलेला मावशींचा हात मात्र झरझर चालला होता. आपल्याच लग्नाच्या पत्रिकेत तूच वऱ्हाड आणतेयस, असं मी त्या मुलीला म्हणाले, तर ती लाजून उठून पाणी आणायला गेली.

एक पत्रिका राहिली. ती मावशींनी हळदकुंकू लावून आधीच कुलदेवीपुढे ठेवली होती. तीही आणा, दुरुस्त करते, असं मी म्हटलं. देवापुढे ठेवलेलं उचलायचं नसतं, म्हणून त्यांनी नकाराची मान हलवली.

"देवीले समजस, ताई," त्या आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "सोयरास्ले समजाले जोयजे." सोयऱ्यांना समजायला हवं होतं, आणि ते काम तर झालंच होतं.

लग्न नीट पार पडलं. त्या काकांनी जेवणाला नावं ठेवली, पत्रिकेला नाही.

माझी मात्र पंचाईत सुरू झाली. त्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. मी माझ्याकडे जुनं वर्जन धरून बसले, पण पुढे फिल्मच निघणार नसेल तर ते काय चाटायचं होतं? शेवटी मी नवं घातलं आणि शब्द टाळायला शिकले. वऱ्हाड काढून मंडळी. दुसऱ्या दिवशी काढून पुढील दिवशी. सोयरे चालत, पण सोयऱ्यांना म्हटलं की अडलं, तिथे आप्तेष्टांना. नवरा चिडवायचा, की मी आता तुला संगणकावर लिहिताच येत नाही. खरंच होतं. नवरा लिहिता येई, नवऱ्याला लिहिता येत नसे, तिथे यजमान घालावे लागत. तेव्हा आम्ही हसायचो. आता वाईट वाटतं. भाषा माझी, गिऱ्हाईक माझं, आणि कुठला शब्द ठेवायचा हे ठरवणारं कुणी तिसरंच. त्या पत्रिका गुळगुळीत झाल्या. बघून फोटो स्टुडिओत नटवून ताठ बसवलेल्या पाहुण्यांची आठवण यावी. शिवाय लोकांनाही कळत होतं. हळूहळू निम्मे जण सरळ गुजराती प्रेसकडे वळले.

दशक सरता सरता हा र असलेला नवा मराठी फॉण्ट आला. त्या दिवशी मी वऱ्हाड, ऱ्हस्व, दऱ्या, वाऱ्यावर, जे सुचेल ते लिहीत बसले होते. आता जुनी गिऱ्हाइकं परत येतील असं मी धरूनच चालले होते.

मावशी आल्यादेखील, धाकट्या मुलाच्या पत्रिकेसाठी. नवरदेव स्वतः बरोबर होता. मी मोठ्या हौसेने त्याला पडद्यावर वऱ्हाडासह लिहून दाखवलं. तो ते अडखळत वाचायला लागला, मधेच थांबला आणि म्हणाला की सगळे मित्र गुजरातीवाले, होणारी बायकोही इथलीच, आमचे गावाकडचे काकाही आता इथे उधन्यालाच राहायला आलेत. मराठी कोण वाचणार? गुजरातीतच करा, आणि तिथे "जान" लिहा. गुजरातीत वऱ्हाडाला जान म्हणतात. मी मावशींकडे पाहिलं. त्या साडीचा पदर बोटाला गुंडाळत होत्या. मी "जान" लिहिलं. कुठेही काही गळलं नाही, अगदी पहिल्या फटक्यात उमटलं.

मुलगा बाहेर जाऊन गाडी चालू करायला लागला, तशा मावशी दारातून परत आल्या. एक पत्रिका मराठीत करून द्याल का, एकच, असं त्यांनी हळू विचारलं. देवीपुढे ठेवायला.

"देवीले गुजराती येस नही," त्या म्हणाल्या.

मी ती एक पत्रिका घरच्याच प्रिंटरवर काढली, पूर्ण वऱ्हाडासह. ती वाचायला मावशी होत्या, मी होते आणि देवी होती.