सुईत दोरा, मगच चावी

जिल्ह्यातली दारूबंदी उठली आणि मी बल्लारपूरच्या रस्त्यावर बार उघडला. लायसन्स कसंबसं मिळालं. आईची परवानगी मिळेना. बंदी यावी म्हणून निघालेल्या मोर्चात ती सगळ्यात पुढं चालली होती. बाबा पिऊन गाडीवर निघाले होते ते घरी पोचलेच नाहीत, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तरी हाच धंदा का? नागपुरात बारमध्येच नोकरी केली, दुसरं काही येत नव्हतं, एवढंच खरं.

शेवटी आईनं अट घातली. "इथून एकही माणूस पिऊन गाडीवर गेला, का मी अहेरीले भावाकडे चालली. मंग येनार नाई." आणि नजर ठेवायला ती स्वतःच दाराशी खुर्ची टाकून बसली.

येणाऱ्यानं गाडीची चावी तिच्या डब्यात टाकायची. जाताना ती गोधडी शिवायची सुई आणि दोरा पुढे करायची. ओवता आला तर चावी, नाहीतर ऑटो. माझ्या बारमध्ये लोक प्यायला कमी आणि परीक्षेला जास्त घाबरायला लागले. एक निवृत्त मास्तर नुसता सोडा प्यायचे, तेही तीनदा नापास झाले. चौथ्यांदा चष्मा घेऊन आले आणि पास झाल्यावर त्यांनी सगळ्यांना चकली वाटली. कोपऱ्यातल्या टेबलावर तर काही जण घरून सुया आणून सराव करायचे. मला हे सगळं फार लाजिरवाणं वाटायचं, पण आई अहेरीला गेली नव्हती, म्हणून मी चालवून घेत होतो.

मग एका संध्याकाळी चंद्रपूरचा एक शिंपी आला. चार पेग झाले. उठला तेव्हा त्याला दार सापडेना, तो दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आला. पण आईनं सुई पुढे केली आणि गड्यानं सुईकडे न बघता, माझ्याशी गप्पा मारत, एका झटक्यात दोरा ओवला. वर गाठही मारून दिली.

 आईनं डब्यातून त्याची चावी काढली.

"माय, देऊ नको," मी म्हणालो.

"पास झाला ना तो! माह्याच तोंडचा नियम हाये, आता कोनत्या तोंडानं अडवू?" तिनं चावी दिली. शिंपी हात जोडून बाहेर पडला. मी त्याच्यामागे धावणार, तोच आई उठून बारमागच्या आमच्या घरात गेली आणि पिशवीत लुगडी भरू लागली. मी मूर्खासारखा दाराच्या मधोमध उभा राहिलो. त्याला आधी अडवू की हिला, तेच कळेना. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आवाज दूर जाईना. पाच मिनिटं झाली, तरी तेवढाच. आई पिशवी घेऊन बाहेर आली, मी तिच्यामागे.

गाडी डबल स्टँडवर उभी होती. मागचं चाक हवेत गरागरा फिरत होतं. शिंपी हँडलवर वाकून, डोळे बारीक करून, मन लावून गाडी चालवून राहिला होता. मला बघून ओरडला, "भाऊ, चंद्रपूर अजून किती दूर हाये? आज रस्ता लय लांबला बाप्पा!"

मी चावी काढून घेतली. सगळा बार दारात येऊन हसत होता. मीही हसलो, मग आईकडे पाहिलं आणि थांबलो.

ती हसत नव्हती. तिनं त्या माणसाला हाताला धरून उतरवलं, बाकावर बसवलं आणि पिशवीतली अर्धवट शिवलेली गोधडी काढून त्याच्या अंगावर टाकली.

"ऑटो बोलाव," ती मला म्हणाली. मग तिनं त्या गाडीच्या सीटवर हात ठेवला. "तुह्या बापाची गाडीबी त्या दिवशी अशीच स्टँडवर राह्यली असती ना, बाबू."

पिशवी तिनं माझ्या हातात दिली आणि खुर्चीवर जाऊन बसली.