अंबरपेठेतलं मिरचीकांडप

हैदराबाद जवळ आलं की गाडीच्या खिडकीतून खडक दिसायला लागतात. एकावर एक, कुणी हाताने रचून ठेवावेत तसे. पूर्वी पाच-सहा वेळा मी या गावात आलो, पण हे खडक मी पाहिलेच नव्हते, कारण तेव्हा मी जावई म्हणून यायचो. जावयाला गाव कुठलं दिसायला. त्याला दिसतो पाट, ताट आणि डोक्यावरचा पंखा.

या खेपेला पाट मांडायला लावणारी नव्हती. कुसुम, म्हणजे माझी बायको, गेल्याला अकरा महिने झाले होते. अंबरपेठ तिचं माहेर. मोंबासाच्या घरात मला बसवत नव्हतं आणि दिल्लीचं सरकार म्हणत होतं, की परदेशातल्या माणसांनी या, कारखाने काढा, आता अडवणार नाही. माझा पासपोर्ट केनियाचा. शाळा चौथीपर्यंत. पण लोखंड मला कळतं. चाळीस वर्षं मी कांडपयंत्रं (लोखंडी मुसळांनी मिरची-मसाला कुटायची यंत्रं) बनवतोय. ठरवलं, तिच्या गावात कारखाना काढायचा. एक यंत्र बोटीने पुढे पाठवलं आणि मागोमाग मी निघालो.

नामपल्ली स्टेशनावर कुसुमचा धाकटा भाऊ दिगंबर आला होता. वीजखात्यातून निवृत्त झालेला सरळ माणूस आहे, पण गरजेपेक्षा जास्त नमस्कार करतो. माझ्या हातातली पिशवी त्याने ओढून घेतली. मी म्हटलं, "अरे, त्यात फक्त पाने आहेत, नट आवळायचे."

"असू द्या दाजी, तुम्ही कायकू उचलता."

दुसऱ्या दिवशी उद्योगांच्या कचेरीत गेलो. तिथल्या तरुण साहेबाने माझा कागद पाहिला, मग माझ्या मागे पाहिलं.

"फॉरेन इन्व्हेस्टर आने वाले थे. कहां हैं?"

"आ गये."

"बाहर गाडी में बैठे हैं?"

"नहीं, तुम्हारे सामने कुर्सी पे."

साहेब उठून उभा राहिला, मग त्यालाच हसू आलं. चहा मागवला, बशीत उस्मानिया बिस्किटं आली. गोड आणि खारट एकदम लागतात, मी चार खाल्ली. साहेब चांगला होता. म्हणाला, तुमची परवानगी पक्की आहे, औद्योगिक वसाहतीत एक शेडही रिकामी आहे, पण तिच्यावर दुसऱ्या दोघांचा डोळा आहे. इथल्या एखाद्या व्यापाऱ्याचं ऑर्डरचं पत्र महिनाअखेरपर्यंत आणा, शेड तुमची. नाही आणलं तर पुढच्या वर्षी बघू. महिन्याचे चौदा दिवस उरले होते. माझं वय बघता पुढचं वर्ष हा फार लांबचा मामला होता.

म्हणून बेगम बाजार गाठला. हा घाऊक बाजार आहे. गल्लीत शिरलं की आधी नाक चालतं, मग पाय. हळद, धने, चिंच, पितळेची भांडी, दोरखंड, सगळं पोत्यांनी नाही तर ढिगांनी. मिरचीच्या गल्लीत मला वीरय्या सेठचं दुकान दाखवलं. बसका, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. गल्लीतले बाकीचे व्यापारी त्याच्याकडे बघून खरेदी करतात असं दिगंबरने सांगितलं होतं. मी पत्र मागितलं. सेठ म्हणाला, "काका, मशीन तो सब अच्छे बोलते. मैं मशीन नहीं देखता, कारम (तिखट) देखता." त्याने गुंटूरच्या मिरचीचं एक पोतं माझ्या अंगावर टाकलं. "ये कूट को लाव. पसंद आया तो लिख को देतौं."

यंत्र दिगंबरच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं होतं. मी कामाला लागलो. अंगणात चूल पेटवली, मोठी कढई ठेवली, तेलाचा हात घेतला आणि मिरची खरपूस भाजायला बसलो. आमची आई तशीच भाजायची आणि मोंबासाच्या घरी डब्यात तसंच तिखट असायचं. सगळी गल्ली शिंकत होती. समोरचे मास्तर दार लावून आत गेले. दिगंबर ओट्यावर उभा राहून बघत होता. त्याची बायको सुमनवहिनी एकदा दारात आली, "दाजी..." म्हणाली आणि दिगंबरकडे बघून परत आत गेली. मला वाटलं, जेवायला बोलावत असेल.

यंत्र झकास चाललं. चारही मुसळं धडाधड. मसाला असा झाला की नुसत्या वासाने भाकरी खावी. तो घेऊन दुसऱ्या दिवशी ताठ मानेने बेगम बाजारात गेलो.

वीरय्या सेठने चिमूटभर तिखट पांढऱ्या कागदावर टाकलं. अंगठ्याने पसरलं. नंतर हाक मारून शेजारच्या दुकानदाराला बोलावलं आणि दोघं मिळून हसले.

"काका, ये क्या लाए? भून को काला कर दिए."

"भाजल्याशिवाय चव कशी येणार?"

"हमकू लाल होना. आवकाय (कैरीचं लोणचं) में ये डाले तो औरताँ घर से निकाल देते. मेरे कू नहीं, तुमकू."

मी म्हटलं, दुसरं पोतं दे. त्याने दिलं, पण म्हणाला, "शुक्रवार तक. उस के बाद मेरा माल दूसरी मशीन पे जाता."

अंबरपेठेपर्यंत बसमध्ये मी पोतं मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरने दोनदा खाली ठेवायला सांगितलं, ठेवलं नाही.

घरी ताट वाढलेलं होतं. खट्टी दाल (चिंचेची आमटी), अंबाड्याची भाजी, ज्वारीची भाकरी. मी जेवलो नाही. सांगितलं काय झालं ते. दिगंबर ताटाकडे बघत होता. सुमनवहिनी म्हणाली, "मला कालच दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"इथं लोणच्याचं तिखट कुणी भाजत नाही. तेलाचं बोट लावत नाही. सांगायलाच आले होते, पण यांनी डोळे वटारले."

मी दिगंबरकडे पाहिलं. तो म्हणाला, "दाजी, जावयाला चुकलात म्हणून कसं सांगायचं? आमच्या घरात कधी कुणी सांगितलं नाही."

मला असा राग आला की काय सांगू. आख्खं पोतं जळू दिलं, धंदा बुडू दिला आणि माझा मान ठेवला. मी बोललोच, "अरे, मान काय लोणच्याला लावायचाय?" पण तो खोटं बोलत नव्हता. या घरी मी काहीही केलं की चांगलंच असायचं. एकदा मी यांचा रेडिओ दुरुस्त करायला घेऊन कायमचा बंद पाडला होता, तेव्हाही सगळे वा वा म्हणाले होते. चुकलात म्हणणारी एकच होती, आणि ती रोज म्हणायची. अकरा महिन्यांत मला कुणीही चुकलात म्हटलं नव्हतं. मला वाटायचं, घर सुनं लागतंय ते आवाज नाही म्हणून. ते बरोबर होतं, पण कुठला आवाज ते त्या ताटावर कळलं.

"कुसुम कसं करायची?" मी वहिनीला विचारलं.

"ताई? ताई तुमच्यासाठी भाजायच्या, तुम्हाला तुमच्या आईंसारखं लागायचं म्हणून. स्वतःसाठी इथून न भाजलेलं लाल घेऊन जायच्या. कळलं नाही तुम्हाला कधी?"

नाही कळलं. छत्तीस वर्षं एका ताटावर बसून नाही कळलं.

मी म्हटलं, "वहिनी, उद्यापासून तुम्ही मुकादम. मी सांगकाम्या. चुकलं की तोंडावर सांगायचं."

तिने दिगंबरकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "मग आधी जेवा. आणि तुमचं यंत्र फार पळतं. काल मी उखळीला हात लावला, चटका बसला. गरम झालं की रंग जातो."

चाळीस वर्षं यंत्रं बनवणाऱ्याला हे एका बाईने ताक वाढता वाढता सांगितलं. सकाळी उठून यंत्र थोडा वेळ चालवलं आणि उखळीला हात लावून पाहिला. बाई बरोबर होती. मोंबासात लोक भाजलेला मसाला आणायचे, तो काळाच असतो, रंग गेला तरी कळणार कुणाला? रानीगंजच्या लोखंडबाजारात जाऊन यंत्राला मोठी पुली (पट्टा फिरतो ते चाक) आणली. चाक मोठं तशी मुसळांची चाल मंद. धडाधड जाऊन धप्... धप्... असा आवाज यायला लागला. माझ्या जिवावर आलं होतं, पण उखळी थंड राहिली.

गच्चीवर दोन दिवस मिरची उन्हात घातली. मग देठं काढायला गल्लीतल्या सात-आठ बाया आल्या, नाकाला पदर बांधून. मराठी, तेलुगू, एक मुसलमान आजी. मीही नाकाला रुमाल बांधून त्यांच्यात बसलो. आजीने विचारलं, "सुमन, ये बुड्ढा कौन?"

"आमचे जावई."

"जावई देठां निकालता? क्या गुनाह किया इने?"

वहिनी म्हणाली, "मिरची जाळली." सगळ्या हसल्या. नंतर माझ्या टोपलीत हात घालून म्हणाली, "दाजी, अर्धी देठं तशीच राहिलीत. परत करा." दिगंबर जिन्यात उभा होता, त्याने डोळे मिटून घेतले. मी परत केली.

कुटताना वहिनीने थोडं मीठ टाकायला लावलं. तिखट चाळून परातीत पडलं तेव्हा मीच दोन पावलं मागे सरलो, इतकं लाल.

शुक्रवारी वहिनीला बरोबर घेऊनच बेगम बाजारात गेलो. वीरय्या सेठने कागदावर चिमूट टाकली. पसरली. वाटीत तेल घेऊन त्यात टाकली, तर तेल लालभडक झालं. त्याने ती वाटी वरच्या मजल्यावर पाठवली. वर त्याची आई राहते. दुकान याचं, पण जीभ तिची, हे मला तेव्हा समजलं. आम्ही उभेच होतो. बऱ्याच वेळाने जिन्यातून म्हातारीचा आवाज आला, "बागुंदी (छान आहे)." आणि पाठोपाठ तेलुगूत आणखी काही.

"अम्मा क्या बोले?" मी विचारलं.

"बोले, नमक थोडा जास्ती है. किस ने कूटा?"

मी वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनी पदर सावरत म्हणाली, "मीठ माझं चुकलं."

सेठने तिथेच पत्र लिहिलं. एक यंत्र त्याचं आणि गल्लीतल्या इतरांची पाच. मी ते घडी न घालता कचेरीत नेलं. साहेबाने वाचलं, शिक्का मारला आणि विचारलं, "कंपनी में ऑफिसर कौन रहेगा?" मी सांगितलं, सुमनबाई. माल पास करणार त्या, मी नाही. शेडची किल्ली हातात आली तेव्हा दिगंबरने ती माझ्या हातून घ्यायला हात पुढे केला. ओझं नको म्हणून. मी ती वहिनीला दिली.

पहिलं यंत्र शेडमध्ये उभं करून, चार कारागीर नेमून, मी महिन्याभरासाठी परत फिरलो. सत्तरीत परगावी धंदा उभा केला, छाती फुगली होती आणि ती मी लपवली नाही. विमानात शेजारच्याला सगळं दोनदा ऐकवलं.

मोंबासाच्या विमानतळावर मुलगा गाडी घेऊन आला होता. आठ वर्षं आमचा इथला कारखाना तो बघतो, आणि मी रोज जाऊन त्याच्या डोक्यावर बसतो. आजवर तो मला एका शब्दाने काही बोललेला नाही. मी त्याला सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "इथे मी काय काय चुकतोय, सांग."

त्याने गाडी सुरू केली. म्हणाला, "राहू द्या बाबा."

"सांग."

मग त्याने सुरुवात केली. विमानतळापासून आमचं घर अर्ध्या तासावर आहे. घर आलं, गाडी उभी राहिली, इंजिन बंद झालं, तरी तो बोलतच होता. मी दार उघडलं नाही.