विक्रीला काढलेला कप्तान

कप्तानाचं दुकान चष्म्यांचं. समुद्र त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेला. जहाजांच्या एका गेममध्ये तो अगदी सुरुवातीपासून होता, म्हणून आम्ही त्याला कप्तान म्हणायचो. फ्रेममध्ये काचा बसवून झाल्या की गडी गेममधल्या बंदरावर हजर. तिथे त्याची धाकटी बहीण यायची. वडिलांच्या या दुकानावरून दोघांचं बोलणं बंद होतं, फोनसुद्धा नाही. गेममध्ये मात्र ती त्याच्या बोटीची शिडं ओढायची आणि तो तिला लिहायचा, वारा सुटलाय, डोकं झाक.

मग कंपनीने त्याला सर्वांत निष्ठावंत खेळाडू ठरवलं. फोटो मागवले. चष्म्यासकट त्याच्या चेहऱ्याचा खलाशी बनवला आणि गेममध्ये विकायला काढला. लोकांनी तो धडाधड घेतला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

बंदरावर जिकडेतिकडे कप्तान झाले. कप्तान मासे पकडत होते. कप्तान कप्तानांना पाण्यात ढकलत होते. खऱ्या कप्तानाला मात्र गेम आत घेईना. त्याने आपला खलाशी फार पूर्वीच स्वतःसारखा बनवला होता. हा चेहरा आता विक्रीचा आहे, विकत घेतल्याशिवाय वापरता येणार नाही, असा निरोप आला.

त्याने तक्रार केली. उत्तर लगेच आलं, अतिशय प्रेमळ. तुमच्यासारखे चाहते हेच आमचं कुटुंब. कुटुंबासाठी किमतीत थोडी सूट.

कंपनीला चाहते प्यारे की नफा, या आमच्या वादात तो कायम कंपनीच्या बाजूने. तेव्हाही म्हणाला, बघ, सूट दिली की नाही.

"मग घेऊन टाक," मी म्हणालो.

"स्वतःला? आणि घेतलं तरी ती ओळखणार कशी? तिथे माझा ढीग पडलाय."

त्याने फुकटचा खलाशी घेतला. त्याला चेहरा नव्हता, डोक्यावर बादली होती. बहीण बोटीपाशी एकेका कप्तानाला विचारत होती, दादा, तू का? प्रत्येक जण हो म्हणत होता. एकाने तिच्याकडे सोनं मागितलं. तिने दिलं. बादलीवाल्याने लिहिलं, अगं, मी इथे आहे. तिने त्याला समुद्रात ढकललं.

कप्तान पडद्याकडे बघत राहिला. नंबर तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला त्याने थांबायला सांगितलं आणि बहिणीला फोन लावला.

"दादा?" ती म्हणाली. "यातला तू कुठला?"

"आत्ता ढकललंस तो."

तिने विचारलं, "पोहता येतं का तुला?"

"नाही," कप्तान म्हणाला, आणि गिऱ्हाइकाची खुर्ची ओढून बसला.