मेक्सिकोच्या शिवेवरचा दसरा

आमचं गाव परंडा तालुक्यात आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी गावातले सगळे पुरुष वाजतगाजत शिवेपर्यंत जातात, पलीकडच्या गावच्या हद्दीत पाऊल टाकतात, तिथल्या आपट्याची पूजा करतात आणि त्याची पानं सोनं म्हणून घेऊन परत येतात. पुस्तकात याला सीमोल्लंघन म्हणतात, आमच्याकडं शिलंगण. त्यात एक कडक नियम आहे: शीव ओलांडली की सोनं हातात येईपर्यंत गावाकडं तोंड करायचं नाही. हा नियम गावात कुणी पाळतं, कुणी विसरतं. माझे सासरे मात्र तो पाळतात आणि विसरणाऱ्याला भर रस्त्यात बोलतात.

त्यामुळं धाकट्या दिरानं त्यांना अमेरिकेला बोलावलं तेव्हा पहिला प्रश्न व्हिसाचा नव्हता, दसऱ्याचा होता. भाऊजी तिकडं सॅन दिएगोला असतात. वडिलांनी आपल्याकडं एक तरी दिवाळी करावी ही त्यांची फार वर्षांची इच्छा. पण दिवाळीपर्यंत राहायचं म्हणजे दसरा तिकडंच होणार, आणि दसऱ्याला गाव सोडायला मामंजी तयार नव्हते. शेवटी भाऊजींनीच फोनवर तोडगा काढला. वडिलांना म्हणाले, दादा, माझ्या घरापासून मेक्सिकोची हद्द अर्ध्या तासावर आहे, गावाची कसली, देशाची शीव ओलांडा.

मामंजींनी फोन ठेवला, दोन दिवस विचार केला आणि अट सांगितली. शिलंगण रीतीप्रमाणं झालं तर दिवाळीपर्यंत राहीन. नाही झालं तर दुसऱ्या दिवशी मला विमानात बसवायचं.

आमच्या ह्यांना रजा मिळेना, म्हणून सोबत मी निघाले. धाराशिवच्या एका कार्यालयात माझी निम्मी नोकरी लोकांचे अर्ज तपासण्यात गेली आहे, त्यामुळं कागदपत्रांची बाजू माझ्याकडं आली. मेक्सिकोचं काम वाटलं तितकं अवघड नव्हतं. अमेरिकेचा ये-जा करता येणारा व्हिसा असला की वेगळा व्हिसा लागत नाही. हद्दीवर एक छोटा अर्ज भरायचा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कुठं राहणार, कशासाठी आलात. खिडकीवरचा माणूस शिक्का मारतो आणि पर्यटक परवाना म्हणून अर्धा कागद आपल्याला देतो. तो जपायचा आणि निघताना परत द्यायचा. मी घरीच दोघांचे अर्ज छापून, भरून, पासपोर्टात घालून ठेवले. हळदीकुंकू आणि अक्षता एका डबीत. नारळ यादीतून काढला, कारण हद्दीवर खाण्याच्या वस्तूंची चौकशी होते आणि नारळावरून वाद घालायची माझी तयारी नव्हती.

दसऱ्याला सकाळीच गावाहून थोरल्या चुलत सासऱ्यांचा फोन आला. त्यांच्याकडं रात्र झाली होती आणि शिलंगण आटोपलं होतं. ते मामंजींना म्हणाले, "आमचं सोनं लुटून झालं. तुझं अजून उगवायचंय व्हय?" मामंजींनी फोन ठेवला आणि धोतर बदलून नवं नेसलं.

ऊन फार होतं. भाऊजींनी वडिलांच्या डोक्यावर आपली गवती टोपी घातली, रुंद काठाची. पिकलेल्या मिशा, उन्हात रापलेला चेहरा आणि वर ती टोपी. मी म्हटलं, मामंजी, तुम्ही आता मेक्सिकोचेच वाटता. हे मी गंमत म्हणून म्हणाले होते.

गाडी अलीकडं लावून आम्ही चालत निघालो. गोल फिरणाऱ्या लोखंडी दारातून गेलं की एक लांब दालन लागतं आणि तिथं दोन रांगा होतात. एक परदेशी लोकांची, सावकाश सरकणारी. दुसरी मेक्सिकोच्या लोकांची, त्यांना कुणी फारसं अडवत नव्हतं. आम्ही आमच्या रांगेत उभे राहिलो. माझा नंबर आला, शिक्का बसला, अर्धा कागद हातात आला. मग मी मामंजींचा पासपोर्ट पुढं केला. खिडकीतल्या बाईंनी तो उघडला, फोटो पाहिला, मान वर केली आणि विचारलं, हे गृहस्थ कुठं आहेत?

मी मागं वळले. मागं भाऊजी होते. भाऊजींच्या मागं एक जर्मन जोडपं होतं.

मामंजी दालनाच्या दुसऱ्या टोकाला, बाहेरच्या दाराजवळ उभे होते. पाठीशी हात बांधून, मेक्सिकोकडं तोंड करून. झालं असं की त्यांच्यासमोरून पोत्यांचं ओझं घेतलेला एक माणूस गेला होता आणि ते त्याच्यामागं निघाले होते. रखवालदारानं टोपीकडं पाहिलं होतं आणि हातानं पुढं जायला सांगितलं होतं.

बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांना परत बोलवा. मी माझा कागद दाखवून त्यांच्याजवळ गेले.

"मामंजी, माघारी चला. तुमचा शिक्का राहिलाय."

"आता कसा येऊ? शीव ओलांडली की म्या."

"शिक्क्याशिवाय ओलांडली असं होत नाही."

"पाय कुठं हायेत माझे?"

"पाय इथं आहेत. पण कागदावर तुम्ही अजून तिकडंच आहात."

हे त्यांना पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर दारातल्या उन्हात उभं राहून मलाही फारसं पटलं नाही. पण एक गोष्ट स्पष्ट होती. परवाना नसला तर हे चोरून येणं झालं, आणि चोरून केलेलं शिलंगण मामंजींनीच मोडीत काढलं असतं. उलट सोनं न घेता अमेरिकेकडं तोंड केलं तर नियम मोडला. दोन्हीकडून दुसऱ्या दिवशीचं विमान. तिकडं रांगेतून भाऊजी माझ्याकडं असे बघत होते की जणू दिवाळी माझ्याच हातात आहे.

मामंजींनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "तोंड फिरवायची मनाई हाय. चालायची कुठं हाय?"

आणि ते उलटे चालू लागले.

गाडी मागं घेताना बैलांना जसं सांभाळतात तसं मी त्यांना सांभाळत आणलं. डावीकडं खांब आहे, जरा उजवीकडं, हळू, लेकरू आहे. ते मेक्सिकोवरची नजर न काढता एकेक पाऊल मागं टाकत होते. दुसऱ्या रांगेतल्या लोकांनी आपणहून वाट करून दिली. पोती घेतलेला तो माणूसही दारातून परत डोकावून बघत होता.

खिडकीपाशी पोचल्यावर नवीन अडचण आली. पासपोर्टावरच्या फोटोशी चेहरा ताडून बघायचा होता, आणि खिडकीसमोर मामंजींची पाठ होती. भाऊजींनी त्यांच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगितलं. नंतर कळलं की त्यांनी एवढंच सांगितलं होतं की आज आमचा सण आहे आणि वडिलांना मेक्सिकोकडं पाठ करता येत नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. खुर्चीवरून उठल्या, बाजूचं दार उघडून बाहेर आल्या, वळसा घालून मामंजींच्या समोर उभ्या राहिल्या, टोपी काढायला सांगितली, पासपोर्ट त्यांच्या गालाशी धरला आणि मान हलवली. मामंजींनी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले, पासपोर्टासकट.

परत आत जाऊन त्यांनी कशासाठी आलात या, माझ्याकडून मोकळ्या राहिलेल्या रकान्यात पर्यटनाची खूण केली. मामंजींनी मला विचारलं, काय लिहिलं? मी सांगितलं, फिरायला आलात असं.

"म्या फिरायला आलो न्हाय. खोटं कशाला लिव्हायचं?"

मी त्यांना समजावलं की सरकारी अर्जात शिलंगणासाठी रकाना कुठंच नसतो, आमच्याकडंही नाही. पण शेवटी खाली एक 'इतर' होतं. भाऊजींनी अवघडून विनंती केली, बाईंनी उसासा टाकून नवा अर्ज घेतला आणि 'इतर'वर खूण केली. मागचं जर्मन जोडपं तोपर्यंत बाकावर जाऊन बसलं होतं.

बाहेर औषधांची दुकानं, दातांचे दवाखाने, टॅक्सीवाले. आम्ही आपटा शोधत होतो. एका टायरच्या दुकानाशेजारी जोडपानांचं एक झाड दिसलं. मामंजींनी लांबूनच निकाल दिला, "कांचन हाय." धाराशिवच्या बाजारात आपटा म्हणून कांचन विकणाऱ्यांशी ते दरवर्षी भांडतात, म्हणून मी दुसरं झाड शोधू लागले. त्यांनी दक्षिणेकडचं तोंड न वळवता झाडाभोवती एक फेरी मारली, पान उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले की परमुलखात पावण्यानं लई चिकित्सा करू नये.

दुकानदाराची परवानगी घेतली. हळदीकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या. मूठभर पानं घेतली, आणि मग कुठं मामंजींनी उत्तरेकडं तोंड केलं.

आता मला सांगणं भाग होतं की झाडाची पानं अमेरिकेत नेऊ देत नाहीत. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "सोनं साठवायला थोडंच आणतात? द्यायलाच असतं." पहिलं पान त्यांनी दुकानदारालाच दिलं. परतीची रांग भलती लांब होती आणि तिच्या कडेनं गोधड्या, खेळणी, लिंबूपाणी विकणारे फिरत होते. मामंजी एकेकाला पान देत, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा" म्हणत पुढं सरकत होते. बहुतेकांनी घेतलं. एका लहानखुऱ्या म्हातारीनं पान कानामागं खोचलं. साखरेत घोळलेल्या तळलेल्या कांड्या विकणाऱ्यानं बदल्यात एक कांडी दिली, ती आम्ही तिघांनी मोडून खाल्ली. खिडकी आली तेव्हा मामंजींचे हात रिकामे होते आणि बोटांना साखर लागलेली होती.

अमेरिकेच्या अधिकाऱ्यानं आमचे पासपोर्ट चाळले आणि भाऊजींना विचारलं, वडील अजून किती दिवस राहणार?

भाऊजी अडखळले. सकाळपासून त्यांनी हा प्रश्न वडिलांना विचारला नव्हता. मामंजींनी मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं.

त्यांनी टोपी सरळ केली. "दिवाळी करून जातो म्हणावं."

भाऊजींना ते इंग्रजीत सांगायला जरा वेळ लागला. अधिकारी वाट बघत राहिला. मी तोपर्यंत मनात फराळाचं सामान मांडायला घेतलं होतं. बेसन, रवा, पोहे मिळाले असते. चकलीच्या भाजणीचं मात्र काय करायचं, हा प्रश्न होता.